साराच्या पुडीतला पिवळा रंग

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेली नाही. बायको गेली, तिलाही ठाऊक नव्हती. तुम्हाला का सांगतो आहे, ते मलाही नीट कळत नाही — पण आता ऐकाच.

साठ सालाच्या आसपासची वर्षं. मालवणात बंदरामागच्या आळीत एका शेटचा छोटा कारखाना होता. सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, सुकं खोबरं, तांदळाचं पीठ, कोकमाची सोलं, मिरची, हळद — सगळं दळून साराची तयार पुडी करायचे. उकळत्या पाण्यात ढवळली की सार तयार. ती पुडी मुंबईच्या चाकरमान्यांच्या खोल्यांत जायची, मचव्यांवरच्या खलाशांकडेही. आलेला जिन्नस तपासून वहीत ‘योग्य’ असा शेरा मारणं, हे माझं काम. सगळे मला मास्तर म्हणत. मुंबईच्या एका औषधाच्या कारखान्यात मी केमिस्ट होतो, असं मीच शेटना सांगितलं होतं. खरं तर — तिथे मी दोन वर्षं बाटल्या धुतल्या होत्या.

हळदीचा रंग पुडीत टिकेना, म्हणून शेटनी मुंबईहून पिवळ्या रंगाचा डबा मागवला. चिमूटभर टाकला की अख्खा घाणा झळझळीत.

“मास्तर, ह्यो चलात मां?”

मी डबा उघडला, हुंगला, उजेडात धरला — आणि शेरा मारला. हुंगून काय कळणार होतं? पण केमिस्ट माणसाने ‘मला कळत नाही’ असं म्हणायचं तरी कसं?

प्रत्येक घाण्याचं सार करून चाखायचं काम आनंदीवैनीकडे होतं. माहेर कसालचं, नवरा वासू मचव्यावर. जीभ अशी, की मिठाचा खडा कमी पडला तरी सांगायची. दिवसाला सहा-सात वाट्या सार तिच्या पोटात जाई.

दोनेक महिन्यांत तिचे ओठ निळे दिसू लागले. बोटं पिवळीधमक, नखं जांभळी. चार पावलं चालली की धाप. भर दुपारी अंगणात सुंगटं पसरून ती उभी राहिली, की वाटायचं — बुडालेलं माणूस वर येऊन उभं आहे. बायका तिच्या शेजारी बसेनाशा झाल्या.

ती माहेरी गेली. पंधरा दिवसांत ओठ लाल. परत कामावर आली — आठवड्यात पुन्हा निळे. गावात एकच बोलणं सुरू झालं. खाजणातला देवचार — खाडीकाठच्या दलदलीतलं भूत. कसालपर्यंत त्याचा हात पोचत नाही, इथे आली की धरतो.

मला मात्र झोप लागेना. बाटल्या धुताना मी साहेबांना पाहिलं होतं. पिवळ्या रंगावर तेजाबाचा थेंब टाकायचा. हळदसुद्धा लाल होते, पण पाणी घातलं की ती लाली जाते. खोटा रंग जात नाही. मी कल्हईवाल्याकडून तेजाब आणलं, दार लावलं, थेंब टाकला. पेल्यात किरमिजी रंग उमलला. पाणी घातलं. आणखी घातलं. पेला भरून वाहू लागला — रंग तसाच.

मी तो मागच्या रेतीत ओतला. आणि गप्प बसलो.

चार दिवसांनी वासू आला. “मास्तरांनू, ह्या सारात काय घालतास? बायल माझी म्हायराक बरी आसता, हय इली की मराक टेकता. मी पुडी डॉक्टराक दाखयतलंय.”

शेटनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “सारात काय एक नाय, वासू. आदी देवळात इचार.”

रविवारी सकाळी कौल लावला. देवाच्या पाषाणावर तांदूळ चिकटवले. ते पडेनात — होकाराचा उजवा नाही, नकाराचा डावाही नाही. देवळाच्या मानकरी गावकरांनी विचारलं, “हिका खाजणाकडे कोणी बगलेला आसा काय?”

तेव्हा कुणीतरी बोलू लागलं. तो आवाज माझा होता.

“मी बगलंय. तिनसांजेक. केस सोडून वाटेर उभी होती. कोणाबरोबर तरी बोलत होती.”

असं मी काहीही पाहिलं नव्हतं. काहीही नाही.

त्याच क्षणी पाषाणावरचा उजवा तांदूळ खाली पडला.

आनंदीवैनी माझ्याकडे बघत राहिली. ती चिडली असती तर — पण ती आठवत होती. कपाळाला आठी घालून, मनापासून आठवत होती. मग हळूच म्हणाली, “आसात. माका आठवणा नाय.”

वासू डॉक्टरकडे गेला नाही. त्याने तिला माहेरी पोचवलं, ती कायमचीच. पुढच्या वर्षी त्याने दुसरी बायको घरात आणली. मी शेटना सांगितलं, हा रंग उन्हाने विटतो, हळदच बरी. डबा बंद झाला. तोवर किती पुड्या गेल्या, कुठल्या खोलीत कुणी ते सार प्यालं, कुणाचे ओठ कसे झाले — मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

आठ-नऊ वर्षांनी ती मला कसालच्या बाजारात दिसली. तब्येत ठणठणीत. मी वळणार, तोच तिने हाक मारली.

“मास्तर, एक इचारू? त्या तिनसांजेक मी कोणाबरोबर बोलत होतंय? पाठमोरी बायल होती काय?” तिची आई ती लहान असतानाच वारली होती, हे मला ठाऊक होतं. “माझी आवस आसतली मां ती?”

इतकी वर्षं ही बाई ती संध्याकाळ शोधत होती? तेव्हा तरी सांगता आलं असतं. बाजाराच्या गलक्यात आमच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

“व्हय,” मी म्हटलं. “पाठमोरी होती.”

तिने डोळ्यांना पदर लावला. वाकून माझ्या पायाला हात लावला — माझ्या — आणि गर्दीत निघून गेली.

यंदा ती वारली. तशी संध्याकाळ कधी झालीच नव्हती. हे तिला सांगू शकेल असा एकटा मीच होतो.