शाई कितीला?

त्या माणसानं मला हात दिला नाही, मनगट दिलं. त्याची दहाही बोटं काळी होती. बँकांत, साखर कारखान्यांत जाऊन तो प्रिंटरच्या रिबनींना शाई भरायचा. नाव विचारायचं राहूनच गेलं.

साल नव्याण्णव. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं होतं आणि राहात्यातल्या माझ्या गणिताच्या क्लासचे पेपर छापायला प्रिंटर हवा, म्हणून नगरच्या दुकानात उभा होतो. दुकानदार रंगीत इंकजेट गळ्यात मारत होता. "लिनक्सवर चालेल का?" म्हटलं, तर तो छताकडं बघू लागला.

"आदी शाई कितीला, ते इचारा," काउंटरशी रिबन गुंडाळत बसलेला हा काळ्या बोटांचा माणूस म्हणाला. "गाय घेताना चाऱ्याचं बघता ना?"

दुकानदारानं आकडा सांगितला आणि माझा चेहरा पडला. मग यानं कोपऱ्यातल्या, रिबनीवर सुया आपटत छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर मनगटानंच थाप मारली. "ह्यो घ्या. ह्याला तुमचं कायबी चालतं. तुमी अक्षर धाडा, ह्यो हानतो."

"मग शाई भरायला तुम्हालाच बोलवू?"

"कशाला? राहात्याला येन्यात माजा दिवस जातो. बसा, शिकवतो."

आणि तिथंच रिबन उघडून, थेंब थेंब शाई सोडत, त्यानं हातातलं गिऱ्हाईक आनंदानं घालवलं.

तो प्रिंटर अजून चालतो. पेपर छापायला घेतले की त्याच्या खरखराटानं शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतात. आणि क्लासला आलेल्या एखाद्या पालकानं हात पुढं केला, की मी मनगट देतो.