उंदरीचं फाटकं लुगडं

मी चौथीत होते तेव्हा अमडापूरच्या आमच्या शाळेत सरकारची जीप आली. मोठ्या खोलीच्या खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या, भिंतीवर पांढरा पडदा लावला. मुलांसोबत आयांनाही बोलावलं होतं. हलत्या चित्रांचा, प्राण्यांचा सिनेमा होता. आम्ही हरखून बसलो.

कष्टाळू बैल ज्वारी पिकवतो, ती कणगीत भरतो आणि एक उंदरी आपली सात पिल्लं घेऊन ती चोरते. उंदरीच्या अंगावर ठिगळाचं लुगडं. तिचं बीळ गावाबाहेर. शेवटी शिपाई झालेलं मांजर तिला पकडतं. धान्याचे चोर ओळखा, असं पडद्यामागून कुणी खणखणीत आवाजात सांगत होतं. पोरं टाळ्या पिटत होती. एकानं माझ्याकडे बोट दाखवलं, "हे पाहा, हिची माय!"

आमचं घर गावाबाहेरच होतं. माय मालकाच्या शेतात विळ्यानं ज्वारी सोंगायची आणि सोंगणी झाली की त्यालाच विचारून उंदरांची बिळं खणायची. आत साठलेली कणसं धुऊन, वाळवून आम्ही खायचो.

माय उठली आणि थेट पडद्यापुढे जाऊन उभी राहिली. उंदरीचं चित्र तिच्या अंगावर हलत होतं.

"साहेब, उंदरीले फाटकं लुगडं काऊन नेसवलं?"

जीपमधून आलेला साहेब हसला. "अहो बाई, मुलांसाठी गंमत आहे ती."

"पोट्टेच तं शिकून राह्यले! ज्वारी आम्ही सोंगतो, अन् चोरबी आम्हीच?"

"खाली बस," हेडमास्तर खेकसले. "सरकारी काम आहे हे."

माय बसली नाही. माझा दंड धरून तिनं मला बाहेर नेलं. मागे पुन्हा हशा उठला.

गोष्ट मालकापर्यंत गेली. त्या साली त्यानं बिळं खणू दिली नाहीत. "लय बोलतेस तू," एवढंच म्हणाला. शाळेत मला सगळे उंदरी म्हणू लागले. एकाला मी पाटी फेकून मारली, तर छड्या मलाच बसल्या.

पुढे मीही मास्तरीण झाले. एका लग्नात तेच हेडमास्तर भेटले. कौतुकानं म्हणाले, "तुझी माय फार तापट होती हो."

"तापट नव्हती, गुरुजी. खरं बोलत होती. तुम्हालाही ते कळत होतं, तरी तुम्ही तिलाच गप्प केलं."

 निघताना मी त्यांच्या पाया पडले नाही.