जुन्या गाडीला नवा दात

आत्याचा धंदा कवळ्या करण्याचा. दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती, तिथे ती सकाळपासून बसे. समोर प्लॅस्टरचे जबडे मांडलेले, एका हाताला मेण वितळवायचा दिवा, दुसऱ्या हाताला पॉलिशची मोटर. डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचा साचा आत पाठवत आणि आत्या त्यावर दात उभे करी. जे तोंड असेल त्याला बेतून. ठसा आला तसा उतरवायचा, आपलं डोकं त्यात घालायचं नाही, हे तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि तिने ते कधी मोडलं नव्हतं.

उरलेलं मेण आणि कवळीच्या हिरड्यांचा उरलेला गुलाबी मसाला ती घरी आणी. त्यातून लहान मोटारी होत, तळहातावर मावतील एवढ्या. चाकं फिरायची, दारं उघडायची, सगळं मापात. फक्त सीट नेहमी हिरड्यांच्या रंगाच्या. तिची वहिनी म्हणे, "आत बसलं की गाडीच चावेल, असं वाटतं बाई."

कपाटात सगळ्यात पुढे असायची ती अण्णांच्या गाडीची प्रत. खरी गाडी घरामागच्या शेडमध्ये होती. अण्णा म्हणजे आत्याचे आणि तिच्या मोठ्या भावाचे, दादाचे, वडील. कितीतरी वर्षं ते त्या गाडीखाली पोतं अंथरून आडवे असत आणि कुणी विचारलं की सांगत, "येत्या रविवारी सुरू होतेय." तो रविवार उजाडला नाही. अण्णा गेले आणि दादाने शेडकडे बघणं सोडून दिलं. गेलं वर्षभर सुट्टीच्या दिवशी आत्या तिथे काय करते, तेही त्याने विचारलं नाही.

आता दादाचा मुलगा बायको आणि बाळासह परत येणार होता. शेडच्या जागी खोली बांधायचं ठरलं. जेवताना दादा म्हणाला, "भंगारवाल्याला सांगितलंय. रविवारी येऊन उचलेल."

"मला दे ती," आत्या म्हणाली. "दवाखान्यामागे जागा आहे. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्यात."

"आणि मग? तूही तिच्याखाली आडवी होणार? अण्णांचं बघितलंस ना?"

"मी ती सुरू करते."

"हे वाक्य मी चड्डीत होतो तेव्हापासून ऐकतोय." दादाने पाण्याचा पेला खाली ठेवला. "रविवारी ती स्वतःच्या पायांनी फाटकाबाहेर आली, तर तुझी. ढकलून नाही चालणार. खेळणंच हवं असेल तर कपाटात छोटी आहे की."

वहिनीने भांडी जरा जोरातच गोळा केली. बाकीचं आत्याला मान्य होतं, खेळणं हा शब्द मात्र तिच्या घशाखाली उतरला नाही.

कारण गाडी जवळजवळ तयार होती. ब्रेक झाले होते, वायरी नव्या घातल्या होत्या, इंजिन फिरत होतं. नाक्यावरचा मिस्त्री जड कामाला हात लावून गेला होता. अडलं होतं ते पेट्रोलच्या पंपावर. इंजिनच्या आत फिरणारा एक उंचवटा असतो, तो पंपाच्या पट्टीला ढुशी देतो. पट्टी हलली की पंप टाकीतून पेट्रोल ओढतो. ती बोटाएवढी पट्टी मधोमध तुटली होती. मिस्त्रीने सगळी दुकानं पालथी घातली. तसली पट्टी आता कुणी करतच नव्हतं.

"कुणी करत नाही ना, मग मी करते," आत्या म्हणाली होती.

दादाशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, काम संपल्यावर, तिने दोन्ही तुकडे मेणाने जोडले, त्यांचा साचा घेतला, मेणाची पट्टी काढली आणि कवळीच्या सांगाड्याला वापरतात त्या धातूत ओतली. घासून अशी चकचकीत केली की मिस्त्रीने तिच्यात मिशी बघितली. पट्टी जागेवर बसली, तीही अशी की जणू तिथेच जन्मली होती.

पण गाडी चालेना. वरून पेट्रोलचे दोन घोट पाजले की इंजिन खोकायचं, धावायचं, आणि तेवढे घोट संपले की गप्प. पंप हलत होता, पण पेट्रोल वर चढत नव्हतं.

मिस्त्रीने पंप तीनदा उघडला. शेवटी हात पुसत म्हणाला, "ताई, एक बाटली टांगू वरती. नळी सोडू. फाटकापर्यंत जाईल आरामात."

"सलाईनवर?"

"दादांना काय कळतंय?"

"मला कळतं ना," आत्या म्हणाली. "सलाईन लावलेला माणूस चालत घरी गेला, असं कुणी म्हणत नाही. राहू दे. बघते मी."

बघते म्हणाली खरी, पण काय बघायचं ते तिलाही माहीत नव्हतं. शुक्रवारी देवाला हात जोडताना तिने गाडीचं नावही काढलं नाही. एवढंच म्हणाली, माझं चुकत असेल तर ते मला दिसू दे.

त्या दिवशी दवाखान्यात कंडक्टर आजोबा आले. बसमध्ये जन्म काढलेला माणूस, आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. जुनी कवळी तडकली म्हणून त्यांनी हुबेहूब तशीच दुसरी मागितली होती आणि आत्याने ती दिली होती. आता ती टेबलावर ठेवून ते म्हणाले, "बाई, ही परत घ्या."

"टोचते का?"

"टोचत नाही, हलत नाही. जुनीसारखीच आहे अगदी. जुनीनेही काही चावलं जात नव्हतं, हिनेही जात नाही."

"तुम्हीच म्हणालात ना, हुबेहूब करा."

"मी म्हणालो हो. तुम्ही ऐकलंत कशाला?"

आत्याने कवळी हातात घेतली. दाढा सपाट होत्या, गोट्यांसारख्या. वर्षानुवर्षं झिजलेल्या दाढांची तिने इमानदारीने नक्कल केली होती. ती बघता बघता तिचा हात थांबला.

"आजोबा, सोमवारी या. उंच दाढा घालून देते," ती म्हणाली. "आणि आज तुम्ही माझं फार मोठं काम केलंत."

"मी? मी तर भांडायला आलो होतो."

पट्टीही झिजलेलीच होती. उंचवट्याने ढुश्या देऊन देऊन तिचं टोक खाल्लं होतं आणि आत्याने ती खाल्लेली पट्टीच नव्या धातूत ओतली होती. ढुशी लागत होती, पण अर्धीच. कपाटातली छोटी गाडी करताना तिने एकही पोचा घेतला नव्हता. गाडी नवी असताना जशी असेल तशी केली होती. तिथे तिने डोकं चालवलं होतं. खऱ्या गाडीच्या वेळी मात्र धंद्याची सवय आड आली.

तिने जुना तुकडा भिंगाखाली धरला. टोक मधे खोलगट होतं, पण दोन्ही कडांना, जिथे उंचवटा पोचत नसे, तिथे मूळची उंची केसभर शिल्लक होती. बस, तेवढं पुरे होतं. तिने मेणाचे थेंब सोडत त्या कडांच्या बरोबरीने टोक भरून काढलं, जशी झिजलेली दाढ भरतात तसं. शनिवारी सुट्टी घेऊन पट्टी पुन्हा ओतली, घासली, बसवली. मिस्त्रीला बोलावलं नाही, आणि वरून एक थेंबही न पाजता किल्ली फिरवली. मग लगेच बंद केली. टाकीत पेट्रोल फार नव्हतं, आणि ते उद्यासाठी हवं होतं.

रविवारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. दादा फाटक उघडून बाजूला उभा राहिला, हात पाठीमागे बांधून. वहिनी पायरीवर. मिस्त्री न बोलावता आला होता आणि त्याच्या खिशातून नळीचं टोक डोकावत होतं.

"ठेव ती आत," आत्या त्याला म्हणाली आणि सीटवर बसली.

इंजिन पहिल्यांदा नुसतं कुरकुरलं. दुसऱ्यांदाही. दादा जमिनीकडे बघू लागला. तिसऱ्यांदा ते खोकलं, धूर टाकला आणि धरलं. आत्या घाई न करता ऐकत राहिली. वरून पाजलेले घोट जेवढ्या वेळात संपत, तेवढा वेळ गेला. आवाज तसाच राहिला. मग तिने गियर टाकला. गाडी शेडमधून निघाली, दादाच्या समोरून गेली आणि फाटकाबाहेर रस्त्यावर येऊन थांबली, इंजिन चालू ठेवून.

"मग मी काय न्यायचं?" भंगारवाल्याने विचारलं.

"शेडचे पत्रे ने," दादा म्हणाला. तो चालत गाडीपाशी आला. टपावर हात ठेवून उभा राहिला. हाताला इंजिनची थरथर लागली तसा त्याने दुसराही हात टेकवला.

"अण्णांना जमलं नाही ते," तो म्हणाला.

"त्यांनी बाकी सगळं करून ठेवलं होतं रे. एक दात तेवढा राहिला होता." आत्याने पलीकडचं दार ढकललं. "बसतोस? दवाखान्यापर्यंत. परत चालत यावं लागेल."

दादा वाकून आत बसला आणि दार ओढून घेतलं. ते लागलं नाही. पुन्हा ओढलं.

"धरून बस," आत्या म्हणाली. "ते पुढच्या रविवारी."

"झालं सुरू," दादा म्हणाला, आणि दार घट्ट धरून बसला.