हात लावून बघा

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही माझं वेडंवाकडं आहे, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली. पण अबेनाबद्दल लिहायचं राहू नये, आणि तिला ओळखणारं मराठी माणूस मी एकटीच.

जपानात ग्योतोकुच्या एका कारखान्यात आम्ही जेवणाचे डबे भरायचो. आत जाण्याआधी पांढरा झगा, टोपी, मास्क चढवून जोडीजोडीनं उभं राहायचं आणि एकमेकींच्या अंगावरून चिकट रोलर फिरवायचा, डब्यात केस पडू नये म्हणून. माझी जोडी अबेनाशी. ती घानाची, काळी, उंच, चौतीस वर्षांची. मोडक्या जपानीत आमचं चालायचं. पहिल्याच दिवशी तिनं मला ‘मामा’ म्हटलं. तिच्याकडे वडीलधाऱ्या बाईला तसं म्हणतात.

“अगं, आमच्यात मामा म्हणजे आईचा भाऊ,” मी हळूच सांगितलं.

“मग मिशा कुठायत?” म्हणत तिनं माझ्या मास्कवरून रोलर फिरवला. सगळ्या हसल्या. मी लाजेनं अर्धी झाले.

त्या हिवाळ्यात एका सकाळी माझा रोलर तिच्या डाव्या छातीवरून गेला तशी ती कळवळली. “तिथे नको, मामा.” धाकट्याला ती अंगावर पाजत होती. मला वाटलं, दूध साठलं असेल. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पत्रकातलं लाल झालेल्या छातीचं चित्र दाखवून म्हणाले, तुमची कातडी अशी लाल झालेली नाही, बाळाचं दूध तोडल्यावर या. कपडे बदलायच्या खोलीत ती सगळं करून दाखवायची. “मी म्हटलं, सेन्सेई, माझ्या कातडीवर लाल दिसणार कसं? हात लावून बघा. संत्र्याच्या सालीसारखी झालीय.” सेन्सेई म्हणजे डॉक्टर.

तिची मावशी तरुणपणीच छातीच्या कॅन्सरनं गेली होती. “आम्हा काळ्या बायकांना हा रोग पुष्कळदा लवकर गाठतो,” ती सांगायची, “आणि मोठ्या वेगानं धावतो.” पण नगरपालिकेचं तपासणीचं पत्र चाळिशीनंतर येतं. दुसऱ्या हॉस्पिटलात सुई घालून तपासलं, तोवर रोग हाडांत पोचला होता.

औषधांनी केस गेले तरी जमेल तेव्हा ती कामावर यायची. “रोलर वाचला माझा,” म्हणायची. मग एकदम आवाज चढायचा. “एका केसासाठी एवढं शोधता. गाठ कोण शोधतं? आज घरी जाऊन बघा. आपलंच अंग आहे, चोरी कसली?” मी मान खाली घातली. पण घरी न्हाणीचं दार लावून जन्मात पहिल्यांदा स्वतःला चाचपून पाहिलं.

शेवटी तिला फार बोलवत नव्हतं. माझं मनगट धरून म्हणाली, “एसीला तपासायला घेऊन जा.” एसी तिची धाकटी बहीण, अठ्ठावीस वर्षांची, योकोहामाला राहणारी. अबेना ऑगस्टमध्ये गेली.

एसी टाळत राहिली. “मला काही दुखत नाही, मामा.”

“तिलाही आधी दुखत नव्हतं,” मी म्हटलं आणि तिला ट्रेनमध्ये बसवलं.

हॉस्पिटलच्या खिडकीवरची बाई गोड आवाजात म्हणाली, वय लहान आहे, घाई नाही. एसी लगेच वळली. चारचौघांत माझा आवाज निघत नाही. त्या दिवशी खिडकीची फळी घट्ट धरून उभी राहिले. “हिची बहीण याच रोगानं गेली. मावशीही गेली. तपासल्याशिवाय आम्ही जाणार नाही.”

तपासलं. गाठ निघाली, वाटाण्याएवढी. पुन्हा सुई, पुन्हा वाट पाहणं. तोच रोग होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बरं झालं, लवकर आलात.”

एसी हुंदके देऊन रडायला लागली. मला वाटलं, घाबरली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

“मामा,” ती म्हणाली, “हे अबेनाला कुणीच म्हटलं नाही.”