बुडणार नाही अशी सुटकेस

ब्याण्णव सालच्या एप्रिलात दामाजी कोळी ठाण्याला जांभळी नाक्याजवळच्या एका बॅगांच्या दुकानात शिरला, तेव्हा दुकानदार एका सुटकेसवर चढून उड्या मारत होता. गिऱ्हाइकाला मजबुती पटवायची ती त्याची हुकमी युक्ती. खालची सुटकेस हूं की चूं करत नव्हती. दामाजीनं तो खेळ शांतपणे बघून घेतला आणि विचारलं, "ही पान्यात तरंगेल का?"

दुकानदार खाली उतरला. कुलूप चांगलं आहे का, रंग जाईल का, गॅरंटी किती, हे सगळं त्याला लोक रोज विचारत. हे कुणी विचारलं नव्हतं. "तरंगेल की काका," तो म्हणाला, "पण तरंगवायची कशाला? हिला गाडीतून नेतात." दामाजीबरोबर आलेली त्याची लेक जना हसू दाबत दुसरीकडे बघायला लागली.

हसण्यासारखंच होतं म्हणा. पण हा प्रश्न त्यानं कळव्याच्या आपल्या कोळीवाड्यात विचारला असता, तर कुणी हसलं नसतं. दामाजीच्या लेखी जगातल्या वस्तूंचे दोनच प्रकार होते, एक तरंगणाऱ्या आणि दुसऱ्या बुडणाऱ्या. चांगली-वाईट, स्वस्त-महाग हे सगळं त्यानंतर. भाचीच्या लग्नात आलेला पितळेचा हंडा पाहुण्यांनी हात फिरवून फिरवून वाखाणला, तेव्हा हा गृहस्थ म्हणाला, "सरळ तळाला जाईल." त्याच्या घरात रिकामा डबा, रिकामा कॅन टाकून द्यायची सोय नव्हती. सगळे आढ्याला टांगलेले. बायको, मनुबाई, म्हणायची की या घराला पूर आला तर घरच पोहत जाईल.

त्याला कारण होतं त्याचा धाकटा भाऊ गोमाजी. गोमाजीसारखा पोहणारा त्या काठाला नव्हता. भरतीच्या पाण्यात खाडी आडवी पोहून पलीकडे जायचा आणि विडी ओढून परत यायचा. एकदा उधाणाच्या दिवशी दोघा भावांची होडी उलटली. दामाजीला पोहणं गोमाजीच्या निम्मंही येत नव्हतं, पण त्याच्या हाताला भाकरीचा झाकणबंद डबा लागला. तो डबा छातीशी धरून दामाजी काठाला आला. गोमाजीच्या हाताला काहीच लागलं नाही. पोहता येणं आणि वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दामाजी त्या दिवशी शिकला आणि पुन्हा विसरला नाही.

पुढं खाडीचं पाणी काळं पडत गेलं, मासळी नाहीशी झाली. दामाजीनं होडी काठावर पालथी घातली आणि एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसला. जन्मभर पाण्यावर काढलेल्या माणसाला स्टुलावर बसवलं की तो लवकर म्हातारा होतो, तसा हाही झाला. पण जना शिकली. घरातली पहिली पदवीधर. मानपाड्याला एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये लागली. तिथं स्टोअरमध्ये कल्याणचे कुंडलिक म्हणून एक गृहस्थ होते. सुट्टीच्या दिवशी कारखान्यातल्या पोरापोरींना गोळा करून गडकिल्ल्यांवर न्यायचा त्यांना नाद. यंदा त्यांनी हिमालय काढला होता. आठवडाभर बर्फातून चालायचं आणि परतताना गंगेच्या उसळत्या पाण्यातून रबराच्या होडीनं खाली यायचं.

जनानं हे जेवताना सांगितलं. दामाजीनं विचारलं, "होडी पलटी झाली तं?"

"होते ना कधीकधी," जना म्हणाली. "तीच तर मजा असते बाबा."

दामाजीचा घास तोंडातच राहिला. मनुबाईनं नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि कालवणाची वाटी पुढं सारली. दामाजीनं ताट संपवलं. मग म्हणाला, "बॅग मी घेऊन देईन." जनाला वाटलं, बाबानं हो म्हटलं. ती इतकी खूश झाली की दुसऱ्याच दिवशी कुंडलिकांना विचारून आली. चालताना पाठीवरच्या पिशव्या तिकडे मिळणार होत्या, तेव्हा गाडीसाठी प्रत्येकानं एकच बॅग घ्यायची. लहान, मांडीवर मावेल अशी, आणि गाडीच्या टपावरून पडली तरी फुटणार नाही अशी. कारण डोंगरातल्या रस्त्यावर सामान पडतंच.

तर त्या दुकानात दामाजी अशी सुटकेस निवडत होता. कापडाची बॅग त्यानं हातातही घेतली नाही. "पानी पिऊन धोंडा व्हईल." चामड्यासारखी दिसणारीही तशीच. पत्र्याच्या छोट्या पेटीला त्यानं नुसतं नखानं टिचकावलं आणि मान हलवली. शेवटी घट्ट प्लास्टिकची एक निळी सुटकेस त्यानं खाली घेतली. झाकण लावलं, फटीवर एका बाजूनं तोंड ठेवून फुंकर मारली आणि दुसऱ्या बाजूला हात धरला. वारा लागला, पण थोडका. "एवढं बघून घेईन मी," तो स्वतःशीच म्हणाला. दुकानदारानं पुन्हा एकदा तिच्यावर उडी मारून दाखवायची तयारी केली, तर दामाजीनं त्याचा हात धरला. "नको शेठ. उडी कोन मारनार हाय तिच्यावर?"

पुढच्या रविवारी जना मैत्रिणीकडे डोंबिवलीला गेली होती. भरतीची वेळ बघून दामाजी सुटकेस घेऊन काठाला गेला. बरोबर शेजारचा काळुराम. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सुटकेस पाण्यात सोडली. तरंगली, पण थोड्या वेळानं एका अंगाला कलली. बिजागरीतून पाणी शिरत होतं. आता कोळी माणूस गळक्या होडीला जे करतो, तेच दामाजीनं केलं. घरून कापूस आणि डांबर आणलं आणि बिजागरीची फट ठासून बुजवली. जिथं झाकण उघडतं तिथं डांबर चालणार नाही, म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून कडेनं डकवली. मुठीला जाळ्याच्या दोरीचा फास बांधला. ऊन चांगलं होतं. डांबर सुकेपर्यंत दोघांनी विड्या ओढल्या.

दुसऱ्या खेपेला सुटकेस नीट तरंगली. पण वस्तू तरंगते म्हणजे माणसाला तरंगवते असं नाही. म्हणून साठीला टेकलेला दामाजी शर्ट काढून त्या काळ्या पाण्यात उतरला, फासात मनगट घातलं, सुटकेस छातीखाली घेतली आणि पाय सोडून दिले. काठावर माणसं जमली. कुणी म्हणालं, दामाजी मुंबईला निघाला वाटतं, बॅग घेऊन. दामाजीला काही ऐकू येत नव्हतं. सुटकेस त्याला धरून होती. कितीतरी वर्षांनी त्याचा चेहरा असा सैल पडलेला काळुरामनं बघितला.

संध्याकाळी जना आली तर अंगणात तिची नवीकोरी सुटकेस वाळत घातलेली. अंगाला गाळाचा वास, कडेला डांबराची काळी रेघ, वरून लोंबणारी दोरी.

"बाबा, ही नवीन बॅग तू खाडीत घातलीस?"

"आता नवीन नाय," दामाजी म्हणाला. "आता भरवशाची हाय."

"अरे, डांबर कोण लावतं बॅगेला? ती लोकं किती चांगल्या बॅगा आणणार, आणि मी ही घेऊन जाऊ? हसतील मला." जनाचा आवाज रडवेला झाला होता. तिचंही काही खोटं नव्हतं. कोळीवाड्यातून लॅबपर्यंत पोचायला तिला कमी चालावं लागलं नव्हतं, आणि वासावरून माणसं कशी नाक मुरडतात हे तिला ठाऊक होतं.

दामाजीनं तिला समजावलं नाही. ते त्याला जमायचं नाही. त्यानं दोरीचा फास हातात घेतला आणि तिचं मनगट धरून त्यात घातलं. "हे असं अडकवाचं. होडी पलटी झाली का हात-पाय मारू नको. नुसती हिच्यावर पडून ऱ्हा. ही सोडनार नाय तुला."

जनाचा राग उतरला. काकाची गोष्ट तिनं जन्मापासून ऐकलेली. ती तशीच मनगटात दोरी घालून पायरीवर बसून राहिली.

चार दिवसांनी कुंडलिक घरी आले. पोरींच्या घरी जाऊन आईबापांना भेटल्याशिवाय ते कुणाला नेत नसत. सुटकेस बघून ते हसले नाहीत. ट्यूबच्या पट्टीवरून बोट फिरवत म्हणाले, "काम झकास केलंय काका. टपावर पाऊस लागला तरी कपडे कोरडे राहतील."

"टपावर?" दामाजी म्हणाला. "होडीत बॅग कुठं ठेवतात, साहेब?"

"होडीत बॅगा नसतात काका. त्या दिवशी सगळं सामान जीपमधून रस्त्यानं खाली जातं. होडीत फक्त माणसं."

दामाजी सुटकेसकडे बघत राहिला. म्हणजे बॅग रस्त्यानं जाणार आणि पोरगी पाण्यातून. ज्या बॅगेला कशानं काही होणार नव्हतं तिलाच त्यानं वाचवून ठेवलं होतं.

कुंडलिकांना चूक कळली असावी. त्यांनी घाईनं सांगितलं की सगळ्यांना फुगीर जाकिटं घालतात. "मला स्वतःला पोहता येत नाही. मागल्या वर्षी मी पडलेलो पाण्यात. जाकिटानं वर काढलं."

"सगळ्यांनाच काढतं?"

कुंडलिक सरळ माणूस. त्यांनी जरा थांबून उत्तर दिलं, "आजवर आमच्यातल्या सगळ्यांना काढलंय." यापुढचं वचन त्यांनी दिलं नाही, आणि दामाजीला तेवढ्यासाठी तो माणूस आवडला. पण भीती होती तिथंच राहिली.

ते गेल्यावर जना म्हणाली, "बाबा, तू नको बोललास तर मी नाही जाणार. खरंच. पण बोलायचं तर आत्ता बोल."

दामाजी उठून आत गेला. मनुबाई बाजारातून आणलेले बोंबील साफ करत बसली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "काय करू? नको बोलू तिला?"

"मना काय विचारता?" मनुबाईनं हात थांबवला नाही. "होडी पान्यात सोडताना कवा विचारलंत मना?"

तिनं पुढचा बोंबील उचलला.

"गोमाजी भावजींचं बारावं झालं आन दुसऱ्या दिवशी तुम्ही होडी काढलीत. जना पोटात व्हती. मी काय बोलले?"

"काय नाय बोललीस."

"बोलाचं व्हतं. नको जाव, बोलाचं व्हतं. पार व्होटावर आलेलं." आता तिचा हात थांबला. "पन तुम्ही घरात बसून सुकून गेले असते. म्हनून नाय बोलले. इतकी वर्सं मी काठाला बसले. आता तुमची पाळी."

दामाजीच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. पाण्यात जाणाऱ्याला पाणी दिसतं, वल्हं असतं, हाताला काम असतं. काठाला राहणारीच्या हातात काय होतं? भरती-ओहोटीच्या हिशेबानं तो घरी यायचा, जेवायचा, झोपायचा. ती त्याच्या येण्याआधी काय करत होती हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि बायकोची माया आली, इतकी की तिच्या त्या मासळीच्या हातांना त्याला हात लावावासा वाटला. त्यानं लावला नाही. नुसतं विचारलं, "मंग तू काय कराचीस? मी येईपर्यंत?"

"काय कराची? भाताचं आधन ठेवाची. तुमच्या वाटचा भात धरून टाकाची." तिनं बोंबील पुन्हा हातात घेतला. "टाकला म्हंजे मानूस यील असं वाटतं."

दामाजी बाहेर आला. जना पायरीवरच होती.

"जा," तो म्हणाला.

"मनापासून?"

"मनापासून नाय. पन जा."

जना ती सुटकेस घेऊनच गेली. पोरं हसली की नाही कोण जाणे. कुंडलिकांनी जाताना सांगून ठेवलं होतं की पाण्याचा दिवस बुधवारचा. त्या बुधवारी दामाजीनं ड्युटीवर रजा टाकली. सकाळी दोनदा काठाला जाऊन आला. दुपारी काळुरामनं पत्ते मांडले तर त्याला पानं दिसेनात. घरात आला, बाहेर गेला, पुन्हा आत आला. शेवटी मनुबाई सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसली, तेव्हा तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"जनाचा धर," तो म्हणाला.

"धरलाय," मनुबाई म्हणाली. तिनं सूप जरा बाजूला सरकवून त्याला जागा करून दिली. "बसा. असं उभं ऱ्हाऊन दिवस सरत नाय."

दामाजी खाली बसला आणि तिच्याबरोबर तांदळातले खडे वेचू लागला.