गुरुलिंग मास्तरांची वरची खोली

साखर पेठेतल्या सुताच्या दुकानावरच्या खोलीला गुरुलिंग मास्तरांनी ‘कलादालन’ अशी पाटी लावली, तेव्हा त्यांचे केस काळे होते. आता १९७५ साल उजाडलं होतं आणि डोक्यावर काळी म्हणावी अशी फक्त टोपी उरली होती. दिवसभर शाळेत पोरांकडून आंबे-पेरूंची चित्रं काढून घ्यायची आणि संध्याकाळी सायकल हाणत इथं यायचं, हा त्यांचा क्रम. खोली दुकानाच्या मालकांनी, पंचाक्षरी शेटजींनी, फुकट वापरायला दिलेली. नियम एकच: ज्याचं चित्र आजवर कुठल्याच भिंतीवर लागलं नाही, त्याला या भिंती. चुकून काही विकलं गेलं, तर सगळं चित्रकाराचं.

“घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजताय,” असं मास्तरांच्या पत्नी, गिरिजाबाई, म्हणायच्या. मास्तर म्हणत, “त्या भाकरी निदान लष्कर खातं तरी.”

खोटं नव्हतं ते. कापडगिरणीतली माणसं पाळी सुटल्यावर जिना चढून यायची, पण चित्राशी आली की हात आवरायचा नाही. दोन बोटांत कॅनव्हासची कड धरून चोळायची आणि मान डोलवायची. “कापड बरं हाय की मास्तर. कुटलं?” चित्राबद्दल चकार शब्द नाही.

त्याचं मास्तरांना फारसं वाईट वाटत नसे. वाईट वाटे ते पोरांचं. हातात जीव असलेलं एखादं पोर शोधावं, त्याला उभं करावं आणि एक दिवस त्यानं ब्रश खाली ठेवावा. एक चादरींचे नक्षे काढायला गेला, एक ट्रकांवर लिंबू-मिरची रंगवत होता, एकानं किराणा मांडला. जाताना प्रत्येक जण “येतो मास्तर” म्हणून गेला. कुणालाही दोष देता येत नव्हता आणि त्यामुळेच मास्तर जास्त थकत गेले.

या खेपेला मात्र त्यांनी कंबर कसली होती. कुंभारी गावचा तिप्पण्णा त्यांना सापडला होता. जूनपासून मुंबईच्या चित्रकला शाळेत त्याची सोय मास्तरांनी लावून ठेवली होती. अडलं होतं ते त्याच्या आईपाशी. बाप नव्हता, शेत आणि बैलजोडी शिवम्माच्या एकटीच्या अंगावर. ती एवढंच म्हणाली होती, “आदी बगते काय करतंय पोरगं, मग सांगते.” म्हणून त्याच्या चित्रांच्या प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती येणार होती आणि तिच्या होकारावर सगळं अवलंबून होतं.

तिप्पण्णानं तिचंच चित्र काढलं होतं. उंबऱ्यावर बसलेली बाई, डोक्यावरचा पदर अर्धवट ढळलेला, मांडीत पडलेले दोन्ही हात. मास्तरांनी ते पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा चष्मा काढून उगाचच पुसला होता.

घोटाळा झाला तो पार्वतम्माच्या हातून. ती दुकानाखाली फुलं विकायची आणि दर प्रदर्शनाला दारासाठी एक हार द्यायची. त्या दिवशी मास्तर चहा सांगायला निघाले होते. जाता जाता म्हणाले, “जा, लावून टाक वर.” ती वर गेली. आता या गावात भिंतीवर माणसाचा एवढा मोठा चेहरा लागतो कधी? गेल्यावर. चित्रकारांना तसबिरींची कामं मिळतात तीही गेलेल्यांचीच. तिनं भक्तिभावानं हार चित्राला घातला, खाली उदबत्ती लावली आणि हात जोडले.

तेवढ्यात तिप्पण्णाबरोबर शिवम्मा दारात.

“काय रे तिप्या, मला मारून मोकळा झालास व्हय?”

पार्वतम्मानं वळून पाहिलं आणि तोंडावर हात नेला. “अगं बाई! तुमी जित्या हाय व्हय?”

चहा घेऊन आलेल्या मास्तरांनी कपाळाला हात लावला. हार त्यांनी स्वतः काढला, उदबत्ती खिडकीबाहेर टाकली. एवढ्या तयारीचं असं मातेरं झालेलं पाहून त्यांना रडू यायचं बाकी होतं. “चूक झाली अक्का,” असं म्हणून त्यांनी चित्रापुढं खुर्ची ओढली. “बसा. आता नीट बघा. पोरानं काय केलंय ते डोळे भरून बघा.”

शिवम्मा बसली आणि बघत राहिली. इतकी वर्षं मास्तर गावाला ‘बघा, बघा’ म्हणत होते; असं कुणी बघितलं नव्हतं.

“हे कवाचं?” तिनं विचारलं.

“गेल्या मळणीच्या सांजेचं, अव्वा. तू उंबऱ्यावर बसली होतीस.”

“एवडी दमलेली दिसती व्हय मी?”

“दिसतीस, अव्वा.”

पोरगं खोटं बोललं नाही. मास्तरांना वाटलं, जिंकलो आपण.

“मग बगत कशाला बसलास?” शिवम्माचा आवाज चढला नव्हता. “आई दमली हे तुला दिसलं की. तरी पोतं उचलायला उटला न्हाईस.”

तिप्पण्णानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तर घसा खाकरून म्हणाले, “अक्का, चित्रकाराचं कामच बघायचं असतं...” आणि पुढचं वाक्य त्यांचं त्यांनाच खोटं वाटलं, म्हणून थांबले.

“तुमची चूक न्हाय मास्तर,” शिवम्मा म्हणाली. “पोरगं लई चांगलं काढतंय. म्हणूनच घरी न्हेते. ज्याला दिसतच न्हाय, त्याला सोडला असता मी. ज्वारी काढणीला आलीया.”

तिप्पण्णानं रंगांची पेटी हळूच स्टुलावर ठेवली. “काढणी होऊ दे मास्तर, मग येतो,” तो म्हणाला. मास्तरांनी मान डोलवली.

“चित्र तरी घरी घेऊन जा, अक्का,” ते म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या हितंच,” शिवम्मा गुडघ्यावर हात टेकून उठली. “घरी मी हायच की.” आणि पोराला पुढं घालून ती जिना उतरायला लागली.