विहिरीवरचं इंजिन जिल्ह्याला निघालं

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या गावात प्यायला पाणी नव्हतं, पण पेढे वाटले गेले. पेढा खाल्ल्यावर तहान लागते, हे वाटणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. किल्लारीच्या अलीकडं, फाट्यावरून आत गेलं की आमचं गाव. ते तोवर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं आणि एका सकाळी जागचं न हलता लातूर जिल्ह्यात गेलं. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, पारावर बसून सगळ्यांना सांगत होते की आता दिवस पालटणार. जिल्हा म्हटल्यावर साहेब येणार, दुष्काळ म्हटल्यावर त्या साहेबांचे दौरे होणार आणि दौऱ्यांना भाड्याच्या जीपा लागणार. त्या जीपा कोण देणार? तर आमचे मालक. आमच्याकडं तेव्हा एक सायकल होती आणि तिचीही चेन पडायची.

मी नांदेडची. गोदावरीच्या काठावर वाढलेली, मॅट्रिक झालेली, टायपिंग शिकलेली. लग्न होऊन या कोरड्या मुलखात आले तेव्हा पाण्याआधी माझ्या बोलण्यावरून हसू झालं. आमच्याकडं 'स्वयंपाक करून राहिले' म्हणतात, म्हणजे करते आहे. इकडच्या बायकांना वाटायचं, हिचा स्वयंपाक करायचा राहिलाच. "काय गं, अजून राहिलंच का?" असं विचारून त्या तोंडाला पदर लावायच्या. सासूला मी आत्याबाई म्हणे. त्या हसत नसत. आमचं घर लिंगायताचं. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय आत्याबाई तोंडात थेंब घेत नसत, आणि त्या वर्षी पूजेला लागेल तेवढं पाणी बाजूला काढून उरलेल्यात सगळं घर भागवायच्या. पाण्याचा हिशोब त्या बाईला जेवढा कळत होता तेवढा तिच्या मुलाला कळला असता, तर मला हे लिहावं लागलं नसतं.

जीप नांदेडला मिळाली, सरकारी गाड्यांच्या लिलावात. लिलावाला आमच्याकडं हर्रास म्हणतात. त्या हर्राशीत मालकांच्या बोलीवर दुसऱ्या कुणी बोली लावली नाही, यावरून तरी माणसानं काही समजून घ्यायचं. फाट्यापर्यंत ती ट्रकातून आली आणि फाट्यापासून घरापर्यंत बैलांनी ओढत आणली. अंगणात उभी करून बॉनेट उघडलं. आतलं पेट्रोलचं इंजिन गंजून एकजीव झालेलं होतं.

"हिचं काळीज गेलंय," मी म्हटलं.

"दुसरं बसवतो की," मालक म्हणाले. "आपल्या हिरीत पाणी न्हाई अन् वरचं इंजिन बसून खातंय. त्याला कामाला लावतो."

विहिरीवरचं डिझेल इंजिन! हँडल मारून चालू करायचं, टुकटुक करत पाणी उपसणारं, सासऱ्यांच्या हातचं. ते मालकांनी सोडवलं आणि घरी आणलं. बॉनेटात ते मावेना, म्हणून मागं हौद्यात बसवलं आणि पुढच्या गिअरबॉक्सला पट्ट्यानं जोडलं. फाट्यावरचा वेल्डिंगवाला रोज येऊन मालक म्हणतील तिथं डाग मारून जायचा. मग मालकांना वाटलं, साहेबाला रानावनात जावं लागणार, गाडी उंच पाहिजे. म्हणून ट्रकच्या स्प्रिंगांचे जुने पाटे घालून ती उचलली. मग वाटलं, चिखलात रुतायला नको. म्हणून मागं ट्रॅक्टरची चाकं आली.

"कुठला चिखल?" मी विचारलं. अंगणात भेगा पडल्या होत्या, त्यात माझी बोटं जात होती.

"पाऊस पडल्यावर हुईल की."

"पाऊस पडल्यावर दुष्काळाचे दौरे कशाला होतील?"

नांदेडच्या माणसांना दूरदृष्टी नसते, एवढंच मालक आत्याबाईंना ऐकू जाईल असं म्हणाले.

गाडी तयार झाली त्या दिवशी तिच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढले आणि नारळ फोडला. नारळातलं पाणी मातीत जाऊ नये म्हणून आत्याबाईंनी खाली वाटी धरली. सगळं गाव जमलं. मालक चढून बसले. वेल्डिंगवाल्यानं मागं हँडल मारलं. इंजिन टुकटुकलं, पट्टा फिरला आणि गाडी खरंच चालली. मी खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. ती वेशीपर्यंत गेली, तिथं खूप तापली आणि बंद पडली.

कारण ऐकाल तर हसाल. विहिरीवर असताना त्या इंजिनाला थंड कोण ठेवत होतं? पंपाचंच पाणी. उपसलेल्या पाण्याची एक धार नळीतून इंजिनाभोवती फिरून शेताच्या दांडात जायची. ते आपोआप व्हायचं, त्यामुळं इंजिनालाही तहान लागते हे घरात कुणाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पाण्यात बसून राहिलेलं इंजिन यांनी रस्त्यावर आणलं, पण त्याचं पाणी आणायचं राहिलं. आता मात्र 'राहिलं' म्हणायची पाळी माझी होती आणि मी ती सोडली नाही.

मालकांनी उपाय काढला. इंजिनाशेजारी लोखंडी टाकी बसवली आणि नळीनं जोडली. टाकीतलं पाणी फिरायचं, तापायचं, उकळायचं आणि वाफ होऊन वर जायचं. मग टाकी पुन्हा भरायची. हातपंपावर बायका घागरींची रांग लावून उभ्या असायच्या, आणि त्या रांगेत मी घरासाठी एक आणि गाडीसाठी एक घागर घेऊन उभी. गावानं गाडीचं नाव म्हैस ठेवलं. ती पाणी दिसलं की थांबायची आणि प्याल्याशिवाय हलायची नाही. आत्याबाई तर तिला पाण्यात बघायच्या, फक्त बघायला पाणी शिल्लक नसायचं. पारावरचे लोक म्हणायचे, "मालकानं इंजिनाला पाणी पाजलं अन् इंजिनानं मालकाला." मालकही त्यांच्याबरोबर हसायचे. त्यांना वाटायचं, कौतुक चाललंय.

एकदा ते गाडी घेऊन लांबच्या मळ्यातल्या विहिरीवर पाणी आणायला गेले. येताना अर्धं पाणी गाडीनंच प्यालं, उरलेलं नळीतून फिरून कढत झालं. दारात जमलेल्या बायकांपैकी एकीनं विचारलं, "भाऊजी, ह्यात नुसती चहापत्ती टाकू का साखर बी?"

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग मला लातूरहून मुलाखतीचं बोलावणं आलं.

नव्या जिल्ह्याच्या कचेरीत लिपिक भरायचे होते. मी अर्ज केला होता तो आत्याबाईंना सांगून, मालकांना न सांगता. मला ती नोकरी हवी होती. नुसती बरी वाटत नव्हती, हवी होती. सकाळी उठून हातपंपाच्या रांगेत उभं राहायचं, दुपारी गाडीखाली झोपलेल्या माणसाला पाना शोधून द्यायचा, आणि संध्याकाळी त्याच्या तोंडून उद्याच्या जिल्ह्याच्या गोष्टी ऐकायच्या, याला मी विटले होते. जिल्हा कुठं आहे ते मला स्वतः जाऊन बघायचं होतं. ही संधी गेली तर दुसरी येणार नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं.

"येष्टीनं जा," आत्याबाई म्हणाल्या.

"येष्टीनं कशाला?" मालक उठून बसले. "माझ्या गाडीत न्हेतो. कचेरीपुढं गाडी उभारली की साहेबाच्या नजरंत भरंल. तुझी बी नोकरी, माझं बी भाडं."

मी नाही म्हटलं. आत्याबाईंनीही नाही म्हटलं. मालकांनी रुसून जेवण सोडलं. आमच्या घरात पुरुषानं जेवण सोडलं की बाकीच्यांचं मत संपतं.

केस धुवायला म्हणून मी एक घागर कितीतरी दिवस थोडीथोडी भरत आणली होती आणि कोपऱ्यात झाकून ठेवली होती. मुलाखतीला जायचं तर नीट होऊन जावं, एवढीच इच्छा. सकाळी झाकण उघडलं तर घागर रिकामी. अंगणात मालक टाकीचं झाकण लावत होते.

"काठोकाठ भरली," ते म्हणाले. "आता लातूरपतूर बघायचं काम न्हाई."

मला इतका राग आला की रडूही आलं नाही. डोक्याला भरपूर तेल चोपडून मी घट्ट वेणी घातली आणि गाडीत बसले. आत्याबाईंनी पिण्याचं पाणी फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात भरून माझ्या मांडीवर दिलं आणि हळूच म्हणाल्या, "ह्यो कुणाला देऊ नगंस."

जिल्हा झाल्यामुळं मोठा रस्ता रुंद करायला घेतला होता, म्हणजे सगळा उखडला होता. दुष्काळी कामावरची माणसं दोन्ही बाजूंनी खडी फोडत बसली होती. मालकांना तर हेच हवं होतं. "आपल्या गाडीला रस्ता लागत न्हाई," म्हणाले आणि खाली कोरड्या ओढ्यात घातली. चिखलासाठी बांधलेली ती गाडी वाळूत शिरली. पुढं जाईना असं नाही, गेली, पण धापा टाकत. टाकी खदखदायला लागली. आमच्या मागं वाफेचा ढग, त्या वर्षी ओढ्यावर आलेला तेवढाच. माझी घागर त्या ढगात होती. मग इंजिन एकदम गप्प झालं.

मालकांनी टाकी उघडली. तळ दिसत होता. मग त्यांनी माझ्या मांडीकडं पाहिलं.

"तांब्या दे."

"अहो, जरा गार होऊ द्या. तापल्या खापरावर गार पाणी ओतलं तर काय होतं?"

"तुला काय कळतंय इंजिनातलं?"

त्यांनी तांब्या माझ्या हातातून ओढून घेतला, नळी काढली आणि पाणी सरळ तापलेल्या इंजिनात ओतलं. टण्ण असा आवाज झाला. सासऱ्यांनी हयातभर जपलेल्या त्या लोखंडाला वरपासून खालपर्यंत चीर गेली आणि आत्याबाईंनी दिलेलं पाणी त्या चिरेतून वाळूत सांडलं. मालक रिकामा तांब्या हातात धरून चिरेपुढं खाली बसले. मला त्यांची दया आली, पण थांबावं एवढी नाही.

"येऊन राहिले मी," मी म्हटलं, म्हणजे निघाले. त्यांना वाटलं मी तिथंच राहतेय. मी चपला हातात घेतल्या आणि ओढ्यातून वर चढून रस्त्याला लागले.

एसटी केव्हाच गेली होती. पाण्याचा एक सरकारी टँकर गावं करून रिकामा लातूरला चालला होता, तो हात दाखवल्यावर थांबला. म्हातारा ड्रायव्हर माझ्या अवताराकडं बघून म्हणाला, "बाई, तळाला थोडं उरलंय. तोंड धुऊन घ्या, मग बसा." मागची तोटी उघडून मी तोंड धुतलं, पाय धुतले, ओंजळ भरून प्याले. नव्या जिल्ह्याकडून मला मिळालेली पहिली गोष्ट ती, आणि ती गार होती.

मुलाखतीला तीन साहेब बसले होते. बाकीचं विचारून झाल्यावर एकानं विचारलं, "टंचाईच्या काळात पाण्याचं नियोजन कसं कराल?"

मी म्हटलं, "आधी पाणी कुणाच्या हातात द्यायचं नाही, ते ठरवीन."

ते हसले. मी हसले नाही. नोकरी लागली.

पुढच्या साली पाऊस झाला. विहीर भरली, अगदी हात घातला तर लागेल एवढं पाणी, आणि ते वर काढायला इंजिन नाही. आत्याबाई कठड्याशी बसून म्हणायच्या, "तवा इंजिन हुतं, पाणी न्हवतं. आता पाणी हाय, माझ्या लेकानं इंजिन जिल्ह्याला धाडलं." शेवटी माझ्या पगारातून विजेची मोटार बसली. मालकांनी तिला हात लावायचा नाही, ही अट आत्याबाईंनी स्वतः घातली. बैलांनी ओढ्यातून ओढून आणलेली गाडी अंगणात राहिली. अंगणात चिखल झाला तेव्हा ट्रॅक्टरची चाकं त्यात छान रुतली. तिच्यावर दोडक्याचा वेल चढला आणि दोडके मात्र भरपूर लागले.

मी पुरी नोकरी करून राहिले, आमच्या नांदेडच्या अर्थानं. निवृत्त झाले तेव्हा कचेरीनं सत्कार ठेवला. चार शब्द बोलायला म्हणून मालकांना उभं केलं. त्यांनी शालीचा पदर सारखा केला आणि सांगितलं की त्या काळात बायकोला शिकवायला लोक घाबरत होते, पण आपण मात्र घरच्या घरी गाडी बांधली, स्वतःच्या हातानं इंजिन बसवलं आणि त्या गाडीतून हिला मुलाखतीला आणलं, म्हणून आजचा हा दिवस. ओढा, तांब्या, टँकर काही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी राग येणार नाही. पण आला, चांगला कढत आला. माझी घागर गेली, आत्याबाईंचा तांब्या गेला, आणि आता ओढ्यातून चालत गेलेली मीही चालले होते.

मालक रंगात आले होते. बोलून बोलून घसा सुकला, तेव्हा त्यांनी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडं हात केला. मी ती उचलून माझ्याकडं घेतली.

"आधी गार होऊ द्या," मी म्हटलं. माइक चालूच होता.

सभागृहाला काही कळलं नाही. मालक हळूहळू खाली बसले, आणि मी बाटली पुढं करेपर्यंत वाट बघत राहिले.